शेवटच्या पानावरची होडी
नव्या पुस्तकाच्या शाईचा वास आला की मला चोपन्न-पंचावन्न सालची, वाळत्या बोंबलांशेजारची वेसाव्याची बालवाडी आठवते. मी तिथं बाई होते. वर्गातल्या एका कोळ्याच्या मुलीचा बाप आठ दिवस समुद्रावरून परतला नव्हता, म्हणून वाचून दाखवायला मी मासे, लाटा असलेली चित्रपुस्तकं बाजूला ठेवून शेतावरचं एक निवडलं. घाईत शेवटचं पान पाहायचं राहिलं. त्यावर नदीकाठी रिकामी होडी होती. त्या मुलीनं विचारलं, “बाई, यातली माणसं कुठं गेली?” मी बोलून गेले, “घरी गेली गं, जेवायला.” ती ताडकन उठली आणि “बापूस आयला!”, म्हणजे बाप आला, असं ओरडत घराकडे धावली. तिच्या त्या प्रश्नावर काय म्हणायला हवं होतं, ते मला अजून सुचलेलं नाही.