गुरुजींचा डावा गाल

शिळफाट्याजवळच्या चौकासाठी आमच्या गुरुजींचा पुतळा मी कर्जतला माझ्या शेडमध्ये मातीत घडवला. दुसऱ्या दिवशी त्यावर प्लास्टरचा साचा चढणार होता. एकदा साचा निघाला की चूक थेट ब्राँझमध्ये जाते, म्हणून त्याआधी गुरुजींच्या पत्नीची, काकूंची, पसंती हवी होती. काकू शेडवर आल्यावर मी मातीवरची ओली फडकी सोडली. काकू पुढे होऊन चेहरा न्याहाळू लागल्या.

"तीळ डाव्या गालावर सांगितला व्हता रं फोनवर."

"डावीकडेच आहे की, काकू." पुतळ्यासमोर उभं राहून मी ऐटीत बोट दाखवलं.

"ती तुझी डावी, त्यांची नाय. त्यांच्याच शाळंत व्हतास ना तू?"

मी गुपचूप अंगठ्यानं तीळ पुसला. मग पुतळ्याच्या पाठीमागे जाऊन, त्याच्याच दिशेला तोंड करून, आधी स्वतःचा डावा गाल चाचपला आणि पुढे येऊन नवा तीळ चिकटवला. काकूंनी मान डोलावली.

अजूनही शिळफाट्याला उतरलो की वर पुतळ्याकडे बघायची छाती होत नाही. हात आधी गालाकडे जातो. परवा एका रिक्षावाल्यानं विचारलंच, "काका, दाढ दुखते काय?"

मी हो म्हणालो.