आप्पांनी पाहिलेलं थायलंड

परतून महिना झाला, तरी बऱ्हाणपूरला जो भेटतो तो विचारतो, "काय म्हणतं थायलंड?" मी थायलंड सांगायला बसतो आणि तोंडातून निघतात फक्त आप्पा! एक किस्सा सांगावा तर मागून दुसरा तयार. म्हटलं, एकदाच सगळे सांगून टाकू.

आप्पा म्हणजे माझे वडील. बहादरपूरला केळीची शेती. सोबत आई, बायको आणि माझी मुलगी पिहू. सगळा खटाटोप आईसाठी होता. उभा जन्म तापीकाठी गेला, आता एकदा समुद्रात बोटीत बसायचंय, एवढंच तिचं मागणं. बाकी काही दाखवलं नाही तरी चालेल, म्हणाली.

---

सुरुवात इंदूरलाच झाली. विमानतळावर आप्पांच्या पिशवीतून विळा निघाला! घड कापायचा, धार लावलेला!

"आप्पा, हा कशाला आणला?"

"शेतकऱ्याजवय इया नाही तं काय कंगवा राहीन?"

तपासणीवाल्यांना समजावता समजावता माझा घसा बसला. विमान कसंबसं मिळालं.

---

बँकॉकच्या हॉटेलात नाश्त्याला केळी होती. मी चहा घेऊन येतो तो काय, आप्पांनी टोपलीतली सगळी केळी दाबून पाहून दोन ढीग लावलेले.

"हा एक्सपोर्टचा माल, हा लोकल."

मी वेटरची हात जोडून माफी मागितली. दुसऱ्या दिवशी हॉटेलवाल्यांनी स्वतःच दोन ढीग मांडून ठेवले होते! मग तर आप्पा कोणाला ऐकतात!

---

देवळात बुद्धासमोर केळीची फणी वाहिलेली. आम्ही सगळे हात जोडून उभे. आप्पा भिक्षूला खुणेनं विचारताहेत, भाव काय?

पिहू वैतागली. "दादाजी, भगवान के सामने तो छोड़ दो!"

"भगवानले बी मालूम पाहिजे ना, माल कसा आला!"

---

मग आम्ही समुद्राकडच्या गावी गेलो. पहिल्या दिवशी बोट गाठायला निघालो, तर वाटेत केळीचा मळा. "थांब, थांब!" ड्रायव्हर भला माणूस, थांबला. बोट गेली. आई म्हणाली, "राहू दे, उद्या जाऊ." दुसऱ्या दिवशी आप्पा पहाटेच बाजारात माल उतरताना पाहायला गेले, ते दुपारी उगवले. आईनं बोटीसाठी नेसलेली साडी बदलून टाकली. मला मात्र असा संताप आला होता की दिवसभर मी आप्पांशी बोललो नाही.

---

शेवटचा दिवस. पंधरा मिनिटं आधी धक्क्यावर हजर! तिकिटं बायकोच्या हातात. मोजून पाहतो तर आप्पा नाहीत.

धक्क्यामागच्या एका परसात सापडले. घडाच्या भारानं एक केळीचं झाड कललं होतं, आप्पा त्याला खांदा देऊन उभे.

"आप्पा, बोट!"

"सोडलं तं पडन ना! तू धर, मी बांबू पाहतो."

आणि मी धरलं! का धरलं, देव जाणे. आप्पा बांबू शोधताहेत, घरमालकीण हसते आहे, तिकडे भोंगा वाजला आणि खिशात फोन. बायको.

"अहो, सुटते आहे बोट! आई विचारताहेत, येताय ना?"

"पाच मिनिटं थांबवा म्हणावं! इथे केळीचं झाड धरून उभा आहे मी!"

फोन आईनं घेतला.

"लग्न झालं तवापासून पाच मिनिटंच आयकून राह्यली मी. तुम्ही धरून ठेवा झाड. आम्ही चाललो."

झाडाला टेकू लावून आम्ही दोघं पळत धक्क्यावर आलो. बोट बरीच आत गेली होती. बायको आणि पिहू हात हलवत होत्या. आई सगळ्यांच्या पुढे उभी होती, समुद्राकडे तोंड करून.

आप्पांनी बराच वेळ हात हलवला. मग मला विचारलं, "तिनं मागं पाह्यलं का रे?"

"नाही," मी म्हणालो.