निळ्या औषधाचे साक्षीदार

लग्नानंतरची पहिली काही वर्षं आमचे हे ताटावर बसले की मला आधी त्यांची बोटं दिसायची. निळी. साबणानं जात नसत, राखेनं जात नसत. बुलढाण्याच्या कॉलेजात हे केमिस्ट्री शिकवत आणि तास संपले की प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत मोरचूद, अमोनिया आणि चिंचेतून काढलेलं आम्ल घेऊन बसत. घरी येत ते डोळे चुरचुरवणारा वास घेऊनच. मी प्राथमिक शाळेतली मास्तरीण. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं, आणि शर्ट मलाच धुवावे लागत म्हणून खरं तर रागच यायचा.

समजलं ते एवढं. मिरचीवर रोग पडला की ह्यांच्या गावचे, उंद्रीचे शेतकरी मोरचूद फवारत. रोग जाई, पण पानंही जळत. मोरचुदातलं तांबं मोकळं असतं म्हणून जाळतं, असं ह्यांचं म्हणणं. ह्यांनी ते तांबं दावणीला बांधलेल्या बैलासारखं चहूबाजूंनी धरून ठेवलं होतं, कामापुरतंच सुटायचं. खडे निघायचे गर्द निळे. असं संयुग आधी कुणी केल्याचं ह्यांना कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं.

उंद्रीत आमच्या वस्तीतल्या कुणाच्याही नावावर वावर नव्हतं, विहीर नव्हती. आम्ही बुद्धाला शरण गेलो त्याला थोडीच वर्षं झाली होती, पण गाव तेच होतं आणि गावाची नजरही तीच. सासऱ्यांनी जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबून मुलाला शिकवलं. म्हणून ह्यांनी पेटंटचं मनावर घेतलं. "आपल्या नावावर एक तरी गोष्ट पाह्यजे, सरकारी शिक्क्याची," एवढंच म्हणायचे.

अर्ज कलकत्त्याच्या पेटंट कचेरीत करायचा होता. आपलं नवं नेमकं काय, ते एकेक करून मांडायचं, त्याला क्लेम म्हणतात. तिथला परीक्षक ते तपासतो. बुलढाण्यात पेटंटचा वकील कुठून असणार? शेजारी एक वयस्कर वकील राहत, सगळी हयात वावराच्या भांडणांत गेलेली. माणूस मोठ्या मनाचा. त्यांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला.

"मास्तर, कागद चांगला हाय, पन पुरावा कुठी हाय? वहिवाट दाखवा. पाच मानसाइनं सांगतलं का हे पयलेपासून याचंच हाय, मंग कोनाच्या बापाच्यानं हलत नाही."

ह्यांना ते लगेच पटलं. वावराच्या बाबतीत जग तसंच चालताना आम्ही पाहत आलो होतो.

एका रविवारी आम्ही उंद्रीला गेलो. ज्यांना ह्यांनी औषध फवारायला दिलं होतं ते शेतकरी एका मोठ्या बागाईतदाराच्या ओसरीवर जमले. त्या ओसरीवर आमच्यापैकी कुणी कधी बसलं नव्हतं. त्या दिवशी ह्यांना सतरंजीवर बसवलं, चहा दिला. कपबशीतून. सासऱ्यांनाही वर या म्हणाले, पण ते अंगणातच उभे राहिले, चपला हातात धरून.

बागाईतदारानं सांगितलं आणि वकिलांच्या कारकुनानं लिहून घेतलं. "हे औषध मास्तरनंच काढलं. आमी दोन सालापासून मिरचीवर मारून राह्यलो. साऱ्या गावाले मालूम हाय." मग बाकीच्यांनी तेच सांगितलं. कुणी सही केली, कुणी अंगठा उठवला. सासरे दुपट्ट्यानं डोळे पुसत होते. मला वाटलं, पेटंट आलंच.

कलकत्त्याचं उत्तर बऱ्याच महिन्यांनी आलं. रसायनाबद्दल काही शंका होत्या, त्या ह्यांनी तिथल्या तिथे बोटांवर सोडवल्या. पण पहिली हरकत वेगळीच होती. अर्जदारानं स्वतः जोडलेल्या साक्षींवरूनच दिसतं की हा पदार्थ अर्जाच्या आधीपासून उघड वापरात आहे आणि गावभर माहीत आहे. तेव्हा तो नवा म्हणता येत नाही. हा आक्षेप सगळ्याच क्लेमना लागू होता.

मी ते पुन्हा वाचायला लावलं. वावर जितकी माणसं तुमचं म्हणतील तितकं तुमचं होतं. इथे सगळं उलटं. आधी लपवून ठेवायचं, कुणाला दाखवायचं नाही, मग मागायचं. हे आम्हाला कोण सांगणार होतं? आमच्या घरात लपवून ठेवण्यासारखं कधी काही होतंच कुठे?

वकिलांना फार वाईट वाटलं. त्यांनीच उपाय काढला. "लिहून द्या का साक्षीदार चुकले. ते तुमचं औषध नोहोतंच, साधं मोरचूद होतं, त्याइले फरक समजला नाही. अनपढ मानसं हायेत, कलकत्त्याहून कोन पाह्यले येते?"

ह्यांनी कलकत्त्याचं पत्र घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "वकीलसाहेब, त्या ओसरीवरून आमच्या बाजूनं पयल्यांदा कोनी खरं बोललं. त्याइलेच मी खोटं ठरवू काय?"

घरी आल्यावर मी भांडले. कडाकडा भांडले. कुणाचं काय जाणार होतं? दोन ओळी लिहायच्या होत्या. ह्यांनी त्या लिहिल्या नाहीत. उत्तराची मुदत तशीच टळून गेली. त्या उन्हाळ्यात ह्यांची बोटं हळूहळू स्वच्छ झाली, आणि ती स्वच्छ बोटं मला बघवत नसत.

पुष्कळ वर्षांनी सासरे गेले तेव्हा आम्ही उंद्रीला होतो. परत निघालो तर रस्त्याकडेच्या मिरचीत एक तरुण फवारत होता. पंपातून निळं पाणी उडत होतं. त्याच बागाईतदाराचा नातू. त्यानं आम्हाला ओळखलं नाही.

ह्यांनी विचारलं, "काय मारून राह्यले, बापू?"

"निळं औषध. आमच्या आबानं काढलेलं हाय जी. सारं गाव आमच्यापासूनच शिकलं."

मी तोंड उघडलं. पण ह्यांनी पुढे विचारलं, "पानं जळत नाहीत ना?"

"नाही जी, एकबी नाही."

"चांगलं हाय," म्हणाले आणि चालू लागले.

बुलढाण्यापर्यंत हे एसटीच्या खिडकीबाहेर बघत बसले. मी मनात एकेकाला आठवत होते. बागाईतदार गेला होता, ओसरीवरचे बाकीचे गेले होते, वकील गेले होते, आता सासरेही. हे औषध मास्तरनंच काढलं, असं लिहिलेलं आता एकाच ठिकाणी असेल. कलकत्त्याला, त्या बाद झालेल्या अर्जाला टाचलेलं. तेही अजून कुणी ठेवलं असेल तर.