छापलेल्या कागदांची यादी

"ह्याच्यात लपवायला काय न्हाय, ताई. सगळं उघडं हाय." कॉम्प्युटरसमोर बसले की भाऊ हे म्हणायचेच. आणि म्हणताना उजवा तळवा प्रिंटरच्या झाकणावर ठेवायचे, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

ते राई गावचे. भाईंदर पूर्वेला पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एका कारखान्यात आम्ही दोघं ऑफिस सांभाळायचो. ते डिस्पॅच बघायचे, मी ऑर्डरी. पंखा बिघडो की कॉम्प्युटर, हाक त्यांनाच. असा एक माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. मी त्यांना भाऊ म्हणायचे.

कारखान्याच्या शेठना विंडोज विकत घ्यायचं नव्हतं, म्हणून दोन्ही मशीनवर भाऊंनी फुकटचं, सगळ्यांना खुलं असलेलं लिनक्स टाकलं. प्रिंटर एकच, त्यांच्या टेबलावर. मी पेन ड्राइव्ह घेऊन दिवसातून वीस वेळा उठायचे. एका शनिवारी ते म्हणाले, "आजपासून उठायचं न्हाय."

दुपारभर खटपट चालली. त्यांच्या मशीनवर शेअरिंग सुरू केलं, तरी माझ्या मशीनला प्रिंटर काही दिसेना. शेवटी कळलं, माझं मशीन शेजारच्या गाळ्याच्या वायफायवर होतं! ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "दोघं एका घरात नसतील तर एकमेकांना दिसणार कसे?" नेटवर्क बदललं, यादीत प्रिंटरचं नाव आलं, मी बटण दाबलं आणि खोलीच्या त्या टोकाला टेस्ट पेज निघालं. ते त्यांनी दोन्ही हातांनी आणून मला दिलं.

माझे वडील गेले तेव्हा आठवडाभर माझ्या सगळ्या ऑर्डरी त्यांनीच काढल्या. मी परत आले तेव्हा टेबलावर एकही कागद तुंबलेला नव्हता. त्याबद्दल ते एका शब्दाने बोलले नाहीत.

मग कारखान्यात काम घटलं. मी दुसरीकडे प्रयत्न करायचं ठरवलं. एका दुपारी भाऊ माल चढवून द्यायला बाहेर गेलेले पाहून अर्ज छापला आणि धावत जाऊन कागद उचलला.

दोन दिवसांनी शेठनी केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, आपको जाना ही है, तो इसी महीने जाइए."

"आपको किसने बोला?"

शेठ काचेतून भाऊंच्या टेबलाकडे बघत राहिले.

मी तशीच भाऊंसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी काही न विचारता स्क्रीन माझ्याकडे वळवली. आतापर्यंत छापलेल्या कागदांची यादी होती. त्यात माझ्या मशीनचं नाव, दुपारची वेळ आणि फाईलचं नाव: नोकरी अर्ज.

"तुम्ही सांगितलंत?"

"हो." त्यांनी मान वर केली नाही. "शेठ बोलले, दोघांतला एक कमी करायचाय. ह्या वयात मला बाहेर कोण घेतो, ताई? आणि तू तर जाणारच होतीस."

"भाऊ, नुसता अर्ज केला होता. नोकरी लागली नव्हती."

त्यांचा तळवा झाकणावरून घसरून मांडीवर आला.

"एक कमी होणार हे तुम्हाला कधी कळलं?"

"महिना झाला."

महिनाभर आम्ही एकाच टेबलावर डबा खात होतो. भाजीची अदलाबदल करत होतो. नोकरी गेल्याचं दुःख पुढे ओसरलं. तो महिना मात्र अजून पचलेला नाही.

त्यानंतर सात महिने मी घरी होते. भाऊंचे फोन आले, मी उचलले नाहीत.

एकदा दुपारी शांती नगरला आमच्या बिल्डिंगखाली आले. वॉचमनने इंटरकॉमवरून सांगितलं, "मॅडम, राई से कोई अंकल आए हैं."

"बोलो, घर पे नहीं है."

मी गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीमागे उभी राहिले. त्यांनी हातातली पिशवी वॉचमनकडे दिली. मग आवारात मधोमध येऊन मान वर केली आणि समोरच्या विंगचा एकेक मजला शोधत राहिले. माझी विंग त्यांच्या पाठीमागे होती.

एक हाक मारली असती तर वळले असते.

बऱ्याच वेळाने त्यांनी चष्मा पुसला आणि गेटबाहेर पडले.