जावई एकटा आला होता

अकरा वर्षं हे कुणापाशी बोललो न्हाई. सख्ख्या भावापाशी न्हाई. येमाईपुढं हात जोडतो, सगळं सांगतो – पीक, गुडघे, भावकी – आन् नेमकं एवढंच गाळून पुढं जातो. तुम्ही मला ओळखत न्हाई, म्हणून तुम्हाला सांगतोय. मी चौथी शिकलेला माणूस. जमंल तसं लिहितो.

सुरुवात कुठनं करू? पिक्चरपास्नंच करतो. कारण परवाच्या रविवारपास्नं डोकं ठिकाणावर न्हाई.

माझी पोरगी सुनंदा टीव्हीवर इंग्रजी पिक्चर बघत होती. जुना, काळा-पांढरा. सुनंदा माझ्याजवळच असती, कवठ्याला. रांजणगावच्या कंपनीत जाती, रविवारी सुट्टी. मला ती भाषा कुठली कळायला? ती खाली आलेली अक्षरं वाचून मराठीत सांगत होती. नवरा-बायको कोर्टात उभी. काडीमोड. जज्ज म्हणतो, अमुक दिवस थांबा, मग तुम्ही सुटे. मी म्हणलं, आता रडारड. कसली रडारड! त्यो नवरा रोज काहीतरी निमित्त काढून तिच्या दारात. आज छत्री राहिली, उद्या काठी राहिली. तिचं दुसरीकडं जमत आलेलं हा मोडतो, ह्याचं ती मोडती. आन् आमची पोरगी हसतीया, डोळ्यांना पाणी येस्तवर. मीबी हसलो. का हसलो? काडीमोडात हसण्यासारखं काय असतं? मला अजून उमगलं न्हाई.

मग ती हसतहसतच म्हणाली, "बघा आप्पा, ह्याला मुदतीत यावंसं तरी वाटलं. आमचं येडं सहा महिन्यांत एकदा फिरकलं न्हाई."

आन् चहा टाकायला उठली.

ते ती मला म्हणाली, का टीव्हीला? तिथंच माझा गोंधळ हाय. पर आधी भांडण सांगतो, म्हंजी तुम्हाला नीट कळंल.

सुनंदा राहू गावात दिली होती. जावई दत्ता. ऊस, घरचं गुऱ्हाळ. पोरगा वाईट होता का? लोकांना मी होता म्हणूनच सांगत आलो. न्हवता. दारू न्हाई, हात उचलणं न्हाई. तिला नोकरी करायची होती, त्यो म्हणायचा एवढा हंगाम होऊ दे. हंगाम झाला की पुढला हंगाम. शेवटी ती रुसून आली. आता आमच्याकडं रीत अशी, की नवऱ्यानं चार माणसं घेऊन यायचं, बैठक बसायची, दोन्हीकडनं बोलायचं, आन् मग मानानं न्यायची. तशी बैठक बसली. त्यात तिचा सासरा तंबाखू मळत म्हणाला, "आप्पा, पोरगी शिकवली झ्याक, पर नांदायला शिकवायचं तेवढं राहिलं बघा."

माणसं हसली. माझ्या दारात, माझा चहा पिऊन हसली. दत्ता खाली मान घालून बसला. मी उठलो नि म्हणलं, सह्या करा आन् सुटा. सुनंदा दाराआड उभी होती. तिला कुणी विचारलं? न्हाई. मीबी न्हाई. मग वकील, कोर्ट, दोघांच्या सह्या, सहा महिन्यांची मुदत.

चौथ्या महिन्यात दत्ता आला.

हां – आला होता. मोटरसायकलवर, सकाळचा, एकटाच. मागं फडक्यात बांधलेली गुळाची ढेप. सुनंदा घरामागं कांदा खुरपत होती. त्यो वट्ट्यावर टेकलासुदीक न्हाई. म्हणाला, "मामा, तिला म्हणावं खुशाल कंपनीत जा. मी सोडत जाईन गाडीपर्यंत. एकदा बोलू द्या फकस्त."

मी काय विचारलं असंल?

"माणसं कुठं हायती?"

"माणसं कशाला, मामा? मी आलोय की."

तेच मला सोसलं न्हाई. मला त्याचा बाप पायजे होता, चार जणांपुढं, शब्द माघारी घेताना. पोरीचा नवरा समोर उभा, आन् मी त्याच्या मागं रिकाम्या रस्त्यावर चार माणसं शोधत होतो. मी म्हणलं, "ती म्हणती, तुझं तोंड बघायचं न्हाई."

असं ती कवा म्हणली होती? कवाच न्हाई.

त्यो म्हणाला, "ती स्वतः म्हणाली?" मी म्हणलं, "मग मी खोटं बोलतोय व्हय रं?" त्यानं ढेप वट्ट्यावर ठेवली आन् गेला. पाण्याचंबी मी विचारलं न्हाई.

इथं थांबलो तर निम्मंच सांगितल्यागत व्हईल. म्हैस नुकती व्याली होती. सुनंदा वावरातनं आली, म्हणाली गूळ कुठला? मी म्हणलं, म्हशीला आणलाय, शिरूरच्या बाजारातनं. तिनं बाजरी शिजायला घातली. दगडानं ढेप फोडली. एक खडा तोंडात टाकला – आन् थांबली. सहा हंगाम त्या गुऱ्हाळावर काढलेली बाई. तिला चव कळली नसंल? मग सगळा गूळ बाजरीत कालवला, पाटी उचलली, म्हशीपुढं ठेवली. नवऱ्यानं आणलेला गूळ तिच्या हातनं मी म्हशीला घातला.

पुढच्या तारखेला जज्जनं विचारलं, विचार बदललाय का? ती दत्ताकडं बघत होती. त्यो माझ्याकडं. मी त्याच्या बापाकडं. दोघंबी न्हाई म्हणाली.

त्यानं दुसरं लगीन केलं, पोरंबाळं हायती. हिला स्थळं आली, हिनं न्हाई म्हणलं. मी वर एकदा लिहिलं होतं, की तिचं बरंच झालं, नोकरी हाय, स्कुटी हाय, कुणाची मिंधी न्हाई. मग खोडलं. ते तिनं मिळवलंय. त्यात माझं काय?

तिला ठावं हाय का न्हाई? ठावं असंल, तर अकरा वर्षं मला वाढती कशी? नसंल, तर रविवारी तसं माझ्याकडं बघून का म्हणाली? बघून म्हणाली का, हेबी आता नक्की आठवंना.

मघाशी ती इथं येऊन गेली. म्हणाली, "आप्पा, काय लिहिताय एवढं?"

मी म्हणलं, "सोसायटीचा अर्ज."

तिनं माझ्या डोळ्यांवरचा चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. "नीट लिहा," म्हणाली आन् कामाला गेली.