पाल्मीरचे करडे केस

पाल्मीर माझ्या समोरच्या खोलीत राहायची आणि तिला एका जागी शांत बसलेलं मी फक्त चित्रकारासमोरच पाहिलंय, एरवी नुसती चुळबुळ, जिना वर, जिना खाली. वीस वर्षं ती अख्ख्या मोंमार्त्रच्या चित्रकारांची व्हीनस होती, डायना होती, कुणाकुणाची मेरी होती. आणि आता? दर सोमवारी पिगाल चौकातल्या कारंज्यापाशी मॉडेलांचा बाजार भरायचा, तिथे ती सकाळपासून उभी असायची. चित्रकार यायचे, बघायचे, पुढे जायचे. तरण्या पोरी तिला आज्जी म्हणायच्या.

मग आमच्या वरच्या मजल्यावरच्या ओनेझिम चित्रकाराने तिला घेतलं, बुडालेल्या कोळ्याची आई म्हणून. हात झाले, शाल झाली, फक्त डोकं राहिलं होतं, आणि आठवडा संपायच्या आत चित्र मोठ्या प्रदर्शनाच्या परीक्षकांकडे जायलाच हवं होतं. त्या बावळटाने तिला कधी सांगितलंच नाही की मला तुझे करडे केस हवेत! तिला वाटलं, चेहरा आवडला. रविवारी ती केस रंगवून आली. चकचकीत तपकिरी.

सोमवारी ओनेझिमने बघितलं, टोपी घातली आणि दुसरी म्हातारी शोधायला निघाला. मी कॉलेज बुडवून त्याच्यामागे पळाले, म्हटलं असं नको करू, ती मरेल रे. ऐकतोय कुठे. कारंज्यावर त्याने विचारलं, करड्या केसांची कुणी आहे का? अख्खी रांग हसायला लागली. पन्नाशीच्या बाया, पण एकेकीचे केस काळेभोर नाहीतर तांबडे.

"पांढरे केस घेऊन इथे कोण उभं राहील रे बाळा?" एक जण म्हणाली.

आम्ही परत आलो तर पाल्मीर खुर्चीत, हात ठरल्याप्रमाणे मांडीवर. खालच्या मूर्तिकाराकडून प्लास्टरची भुकटी आणून तिने डोक्यावर ओतली होती. भुवयासुद्धा पांढऱ्या. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं.

ओनेझिमने ब्रश उचलला. भुकटी तिच्या डोळ्यांत जात होती, पाणी वाहत होतं, ती हलली नाही. बऱ्याच वेळाने तिने तिरक्या नजरेने कॅनव्हास बघितला.

"इतके पांढरे नको करू."

"मग?"

"करडे होते. कानामागे जास्त, पुढे कमी. माझेच केस ना, मला माहीत."

ओनेझिमने तो रंग खरवडून काढला आणि पुन्हा कालवायला घेतला.