सॉसचा चार्ज

सरकारी दवाखान्यात नोकरी म्हटलं की लोक टाक्यांचे, अडलेल्या बाळंतिणींचे किस्से मागतात. तेही आहेत. पण माझ्याकडे सगळ्यात जास्त किस्से साठलेत ते टोमॅटो सॉसचे, आणि सगळे एकाच हिवाळ्यातले. सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. चार्ट जपून ठेवलाय म्हणून बरं.

*

आमचा दवाखाना परळीपासून अर्ध्या तासावर, मागे नर्सेसचे क्वार्टर. आम्ही चौघी: इन्चार्ज मोरेबाई, वॉर्डातल्या शेवंतामावशी, मी, आणि चिपळूणहून पहिल्याच पोस्टिंगवर आलेली प्रतीक्षा. तिच्या घशाखाली आमची भाकरी उतरत नव्हती. सकाळ-संध्याकाळ ब्रेड आणि पुडीतला सॉस. दोन महिन्यांत पोरीचा युनिफॉर्म खांद्यावरून घसरायला लागला.

बदलीचा अर्ज तिने आल्या आल्याच टाकला होता. "पोरगी टिकत न्हाई," मावशी म्हणायच्या. माझा तिच्यावर जीव जडला होता, त्यामुळे मला ते ऐकवत नसे.

*

सुरुवात झाली ती एका बाळंतिणीच्या नवऱ्यामुळे. मुलगी झाली म्हणून गडी खुशीत होता. दुसऱ्या दिवशी पेढ्यांच्या ऐवजी रानातले टोमॅटो घेऊन आला, अख्खं कॅरेट.

"पेढे एका दिसात संपत्यात सिस्टर. हे आठ दिस पुरतंय."

एवढ्या टोमॅटोचं करायचं काय? मावशींनी प्रतीक्षाच्या हातातली सॉसची पुडी उलटीसुलटी करून बघितली. "एवढ्याशा पुडीत किती टमाटे आसतील गं? आन् तू कावून इकत घेती? घरी शिजीव की."

*

शिजवायला तीन तास लागतात, आणि आमच्यापैकी कुणीच तीन तास सलग घरात नसते. मोरेबाईंनी तोडगा काढला. ड्युटी बदलताना वॉर्डाचा चार्ज देतो तसा सॉसचाही द्यायचा. निघणारीने सांगायचं, येणारीने ऐकून चार्टवर सही करायची. सही झाल्याशिवाय झारा सोडायचा नाही.

कॅरेट संपल्यावर टोमॅटो बाजारातून यायला लागले, आणि चार्ज द्यायचं रोजचं ठरून गेलं. "टोमॅटो सात किलो. कांदा, लसूण घालून शिजवलेत. पुरणाच्या चाळणीतून गाळून झालंय. लवंग-दालचिनीची पुरचुंडी आत आहे, ती काढायची. साखर, मीठ, तिखट, व्हिनेगर बाकी."

सगळ्यात झोकात सही करायच्या त्या शेवंतामावशी. प्रौढ वर्गात शिकलेलं अक्षर. "शेवंता" लिहायला त्यांना अर्धी ओळ लागायची.

*

एकदा डॉक्टरसाहेब चावी मागायला क्वार्टरवर आले. ओट्यावर चार्ट लटकवलेला. त्यांनी चष्मा वर केला आणि वाचायला लागले. "११.१५: उकळी. ११.३०: ढवळले. ११.४५: ताटलीत थेंब टाकला, पाणी सुटते."

साहेबांचा चेहरा गंभीर झाला. "पेशंट कुठं आहे?"

"गॅसवर हाय," मावशी म्हणाल्या.

*

ताटलीतला थेंब महत्त्वाचा. त्याच्याभोवती पाणी पसरलं तर अजून आटवायचं, थेंब जागेवर राहिला तर झालं. हे मावशींना आम्ही दहा वेळा सांगितलं होतं. पण त्यांच्या पाळीला पाणी काही हटेना. आमच्याकडे कालवण पातळ झालं की बाई दुसरा विचार करत नाही. मावशींनीही केला नाही. दोन मुठी शेंगदाण्याचा कूट टाकला आणि खाली "शेवंता" म्हणून सही केली.

मोरेबाईंनी झाकण काढलं आणि झारा वर उचलून बघितला. "मावशी, हे काय?"

"घट झालं की न्हाई?"

टाकून कसं देणार? लसणाची फोडणी दिली आणि रात्री भाकरीशी वाढलं. प्रतीक्षाने आधी बोट लावून चाखलं. मग भाकरीचा तुकडा मोडला, मग दुसरा. दीड भाकरी खाल्ली. आम्ही तिघी मान खाली घालून जेवत राहिलो, कुणी बघतंय असं तिला वाटू नये म्हणून. मोरेबाईंनी उठून चार्टवर लिहिलं, "भूक सुधारली."

*

बाटल्या काचेच्याच, उकळून कोरड्या केलेल्या, सॉस गरम असतानाच भरलेल्या. वर चिकटपट्टी, तिच्यावर तारीख, वेळ, सही. त्यातली एक मी कडा गावी बहिणीकडे पाठवली. दोन दिवसांनी दाजींचा फोन आला. "बाटली पोचली. पण जेवणाच्या आधी घ्यायचं का नंतर, ते लिवलं न्हाई."

*

फेब्रुवारीत प्रतीक्षाची ऑर्डर आली. चिपळूण. जे मागितलं तेच मिळालं, त्यामुळे वाईट तरी कसं वाटून घ्यायचं? तरी मला वाटलंच. मावशींनी त्या दिवशी वॉर्ड दोनदा पुसून काढला.

दवाखान्यातला चार्ज मोरेबाईंनी तासाभरात घेतला. कपाटाच्या चाव्या, औषधांचं रजिस्टर, सगळ्यावर सह्या झाल्या. रिक्षा अडीचला येणार होती. "जाताना तुमच्यासाठी बाटल्या भरून ठेवते," म्हणून पोरीने सकाळीच पातेलं चढवलं होतं, पण टोमॅटोला पाणी जास्त. दोन वाजले तरी ताटलीतला थेंब पसरतच होता.

ती झारा घेऊन माझ्याकडे वळली. "ताई, सात किलो आहेत, गाळून झालंय, मीठ बाकी. चार्ज घ्या."

"माझी आज सुट्टी हाय," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

ती मावशींकडे वळली. मावशींनी हात पदराखाली घेतले. "मला कुठं सही करता येती?"

प्रतीक्षाने मोरेबाईंकडे बघितलं. बाईंनी सबंध नोकरीत एक नियम मोडलेला नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "चार्ज घ्यायला माणूस नसलं, तर जागा सोडता येत नाही."

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. एकदा, मग पुन्हा. आमच्यातली एकही जागची हलली नाही.

प्रतीक्षाने घड्याळात बघितलं. खिशातलं पेन काढलं आणि चार्टवर लिहिलं, "२.३५: ढवळले."